आग कुठल्या महिन्यातली?

सुती कपडे घाला. नायलॉनवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं, आणि आपण निघालो आहोत तिथं ठिणग्यांना तोटा नाही. बूट जाड तळाचे हवेत, कारण राख वरून विझलेली दिसली तरी खाली निखारा असतो. पाणी भरपूर घ्या. घड्याळ घरी राहिलं तरी चालेल, पंचांग मात्र सोबत असू द्या. वणव्याच्या बाबतीत साल कुठलं यापेक्षा महिना कुठला, हे जास्त महत्त्वाचं असतं. ते दाखवायलाच तुम्हाला फिरवणार आहे.

जागा बुलडाणा जिल्ह्यातली. दक्षिणेला पठार आणि अजिंठ्याची रांग, मधे पूर्णेचं काळ्या मातीचं खोरं, आणि अगदी उत्तरेला, संग्रामपूर-जळगाव जामोदच्या डोक्यावर, सातपुडा. त्या सातपुड्यातला एक उतार आपण धरून ठेवू. आज तो अंबाबरवा अभयारण्यात मोडतो. साग, सालई, धावडा, तेंदू, मोहा, पळस, आणि खाली गुडघाभर गवत. काळ बदलेल, उतार तोच राहील. आधी मात्र एक वाकडी वाट करून लोणारला जाऊ, कारण जिल्ह्याचं सर्वांत जुनं दप्तर तिथं आहे.

वैशाख. आजपासून सुमारे ४,३०० वर्षं मागे. तुम्ही विवराच्या कडेवर उभे आहात. अशनी आदळून झालेला हा खड्डा तेव्हाही जुनाच आहे. खाली पाणी आहे, पण आटलेलं; काठावर क्षारांचा पांढरा थर. पाऊस गेली कित्येक पिढ्या मनासारखा पडलेला नाही. तुम्हाला हे कुणी सांगणार नाही, पण तळाचा चिखल सांगेल. २००८ साली भारतीय आणि जर्मन संशोधकांनी या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा नमुना काढला. त्यात साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीच्या थरांत गेलुसाइटचे स्फटिक सापडले. पाणी आटून फार खारट झालं की हे खनिज जमतं. दुसरा मोठा कोरडा काळ दोन हजार ते सहाशे वर्षांपूर्वीचा. अकरा हजार वर्षांच्या पावसाचा हा हिशेब लोणारच्या पोटात आहे. पानांवरच्या मेणाचे अंशही गाळात टिकतात, आणि त्यांच्या कर्बावरून आजूबाजूला झाडं किती होती नि गवत किती, याचा अदमास घेता येतो. ओल कमी होत गेली तशी झाडी विरळ झाली आणि गवताला जागा मिळाली.

गवत वाढलं की सरपण वाढलं. पश्चिमेला ढग दाटलेत, वीज चमकते आहे. बघत राहा. पठारावर एके ठिकाणी धूर उठतो, जाळाची ओळ वाऱ्यासोबत सरकते, आणि तासाभरात वळवाची सर येऊन सगळं विझतं. आपल्याकडे वीज बहुधा पाऊस घेऊनच येते. अमेरिकेच्या पश्चिमेत कोरड्या विजा महिनाभराचे वणवे लावतात. इथं निसर्गाने लावलेली आग फार दूर जात नाही. लांबवर जाणारी आग माणसाची, आणि माणूस इथं आधीच आलेला आहे.

जाण्याआधी खाली वाकून कुसळी गवत बघा. बियांच्या टोकाला पिळदार काटा असतो. हवेतला दमटपणा बदलला की पीळ सुटतो, पुन्हा वळतो, आणि बी हळूहळू जमिनीत घुसतं. गवताची आग वरून झपाट्याने जाते. दोनेक सेंटिमीटर खाली मातीला तिची फारशी धग लागत नाही. बी तिथं सुरक्षित बसतं. जळण्याची सवय असलेल्या जमिनीत असलं यंत्र फार उपयोगी पडतं. ‘गवताळ माळ म्हणजे बिघडलेलं जंगल’ असं मानणाऱ्यांनी हा काटा एकदा मोज्यातून उपसून बघावा.

आता उत्तरेला, आपल्या उतारावर. १८६४, मे महिना. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात आहे, मालकी कागदोपत्री निजामाची. ऊन उतरलंय. समोरच्या तिरक्या अंगावर हिवाळ्यातच तोडून ठेवलेली झाडं आडवी पडली आहेत, पानं वाळून तांबडी झाली आहेत. कोरकू कुटुंबं खालच्या बाजूला उभी आहेत. म्हातारा वाऱ्याचा अंदाज घेतो, बोलत नाही. मग जाळ लागतो. आवाजाने तुम्ही दोन पावलं मागे सरता. बांबूची पेरं बंदुकीच्या बारासारखी फुटत आहेत.

ही दाह्याची शेती. राख थंड झाली की उताराच्या वरच्या कडेला कुटकी-कोदोचं बी टाकायचं; मृगाचं पाणी ते राखेतून खाली पसरवत नेतं. नांगर नाही, बैल नाही. दोन-तीन वर्षं पीक, मग जागा सोडून दुसरा उतार. सोडलेल्या जागी खुंटांना धुमारे फुटतात, गवत शिरतं, वर्षांमागून वर्षं जंगल परततं. सगळा डोंगर उंचावरून पाहिलात तर तो एकसारखा हिरवा नाहीच. कुठे कालची राख, कुठे पाच वर्षांची झुडपं, कुठे आजोबांनी सोडलेला आणि आता ओळखू न येणारा तुकडा. वेगवेगळ्या वयाची ठिगळं. आग एका ठिगळातून दुसऱ्यात जाताना अडखळते, कारण सगळीकडे सारखं सरपण नाही.

याचे गोडवे गायला मी तुम्हाला इथं आणलं नाही. शंभर वर्षांचा साग एका कुटकीच्या पिकासाठी राख होताना पाहिला की पोटात कालवतं. कॅप्टन जेम्स फोर्सिथ पलीकडच्या निमाडात अधिकारी होता. सातपुड्यावरचं त्याचं पुस्तक १८७१ साली निघालं आणि त्यात दाह्याबद्दल भरपूर चरफड आहे. पण ही चरफड ज्या वर्षांत लिहिली जात होती त्याच वर्षांत रेल्वे पूर्णेच्या खोऱ्यातून नागपूरला पोचली (१८६७), आणि कापसासाठी जलंब-खामगाव फाटा सुरू झाला (१८७०, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय मेयो). रुळांखाली लाकूड लागतं. साग आता दोघांना हवा होता, आणि कायदा त्यांपैकी एकाच्याच हातात होता.

१८६५ चा वन कायदा, मग १८७८ चा. सातपुड्यातच, होशंगाबादकडच्या बोरीच्या जंगलात, पिअर्सन नावाच्या अधिकाऱ्याने १८६० च्या दशकात आग बाहेर ठेवून दाखवली आणि देशभर त्याचा दाखला दिला जाऊ लागला. तंत्र साधं होतं: जंगलाभोवती पट्टे साफ करायचे, ते उन्हाळ्याआधी आपणच जाळून काढायचे, आणि पहारा ठेवायचा. त्या पट्ट्याला आपल्याकडे जाळरेषा म्हणतात. आग पूर्ण बंद करायची म्हणून सुरू झालेली मोहीम पहिल्या दिवसापासून थोडी आग लावूनच चालत आली, हे लक्षात ठेवा. शेवटी उपयोगी पडेल.

१८९६ कडे या. फॉरेस्टरच्या बंगलीत कंदील आहे, बाहेर दुष्काळाची चाहूल. टेबलावर ‘इंडियन फॉरेस्टर’चा त्या वर्षीचा अंक उघडा पडला आहे. त्यात स्लेड नावाच्या अधिकाऱ्याने ब्रह्मदेशातून तक्रार मांडली आहे की तिथं आगीपासून संरक्षण जरा जास्तच झालंय. ओल्या जंगलात आग थांबली की सावली मानवणारी झाडं आणि बांबू दाटतात, सागाच्या रोपाला ऊन मिळत नाही, ज्या झाडासाठी हा खटाटोप केला तेच मागे पडतं. पुढच्या काही वर्षांत ब्रह्मदेशातल्या मोठ्या भागातून हे संरक्षण उठवावं लागलं.

बाहेर येऊन आपल्या उतारावरचं सागाचं रोप उकरा. वर वीतभर काडी, खाली मनगटाएवढं मूळ. दर उन्हाळ्यात काडी जळते, दर पावसाळ्यात मूळ नवी काडी काढतं आणि स्वतः जाड होत जातं. असं वर्षानुवर्षं. मग एखादा उन्हाळा आगीविना जातो आणि साठलेल्या ताकदीवर काडी एकदम माणसाच्या डोक्यावर जाते. साल जाड झाली, शेंडा जाळाच्या वर गेला, की झाड वाचलं. म्हणजे सागाला आग चालते, आणि आगीची सुटीही लागते. दोन्हींपैकी एक काढून घेतलं तर घोटाळा. ब्रह्मदेशातलं औषध वऱ्हाडाला जसंच्या तसं लागू नव्हतंच. इथं ओल मुळात कमी, सावली दाटण्याचं भय थोडं. इथं खरी टंचाई त्या सुटीची. दरवर्षी जळणाऱ्या उतारावर तुम्हाला मोठी झाडं दिसतील, बिया दिसतील, वीतभर काड्या दिसतील, पण मधलं वय सापडणार नाही.

१९२७ च्या वन कायद्यात एक कलम आहे, सव्विसावं. राखीव जंगलात कुणी मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली तर त्या भागातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क सरकारला थांबवता येतात. आग एकाने लावायची, ढोरं सगळ्या गावाची उपाशी. डोंगरातल्या माणसाने या कायद्यातून काय घेतलं असेल? विस्तव पेटवायचा तर दिसेल असा नको. हिवाळ्याच्या तोंडाला, ओल असताना, चार जणांसमोर लावलेली आग जवळ उभं राहून सांभाळता येते. चोरून लावलेली आग लावणारा सोडून पळतो.

मार्च, १९७० नंतरचा कुठलाही. पळस पेटल्यासारखा फुलला आहे, मोहाचा वास गोड आणि किंचित आंबूस. पहाटेचे पाच. मोहाखालची जमीन काळी, झाडून काढल्यासारखी स्वच्छ. टोपली घेतलेली बाई तुमच्याकडे बघते.

“भाऊ, पाय उचला. फुलं तुडवून राह्यले तुम्ही.”

तुम्ही बाजूला होता. पाला का जाळला, असं विचारता.

“पाला राह्यला त फूल दिसन कसं? पाल्यात विंचू राह्यते, साप राह्यते. आमी आपला झाडाखालचा जाळतो, बाकी जंगल काहून जाळू?”

ती खरं सांगते आहे. पण दुपारी वारा सुटला आणि झाडाखालचा जाळ पलीकडे गेला, तर तो परत बोलावता येत नाही. मोहाचं झाड स्वतः जाड सालीचं, त्याला फरक पडत नाही. शेजारच्या धावड्याच्या पोरवयाच्या रोपांना पडतो.

तेंदूचं गणित आणखी वेगळं. १९६९ च्या कायद्यापासून महाराष्ट्रात तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारी नियंत्रणात आला. युनिटांचे लिलाव, गावोगाव फड, सत्तर पानांचा पुडा. विडीला कोवळं, मोठं, बिनडागाचं पान लागतं. असं पान मुळांतून फुटणाऱ्या नव्या धुमाऱ्यांवर येतं, आणि धुमारे यायला झुडूप छाटावं लागतं किंवा जळावं लागतं. छाटणीला खुटकटाई म्हणतात, तिला मजुरी द्यावी लागते. काडेपेटी तेवढी महाग नाही. एका विडीच्या पानासाठी अख्खा उतार काळा, आणि तोही फेब्रुवारी-मार्चपासून पुढे, जेव्हा पाला कोरडा ठणठणीत असतो. सांबराची गळलेली शिंगं शोधायला पाला जाळणारे वेगळेच. गुराखी नव्या गवतासाठी लावतो. कुणी विडीचं थोटूक टाकतो. प्रत्येकाचं कारण लहान, महिना मात्र सगळ्यांचा एकच, आणि तो सर्वांत वाईट.

आता तुमच्या काळात. एप्रिल, दुपारचा दीड. अंबाबरवा आणि याच जिल्ह्यातलं ज्ञानगंगा, दोन्ही १९९७ पासून अभयारण्यं आहेत. अभयारण्यात आग लावणं हा वन्यजीव कायद्याच्या तिसाव्या कलमाखाली गुन्हा, आणि १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा वणव्याचा हंगाम. या घडीला डोक्यावरून उपग्रह जातो आहे. त्याचा एक ठिपका जमिनीवर ३७५ मीटरचा. आग सापडली तर वनरक्षकाच्या मोबाइलवर संदेश येतो. तीन वाजता लागून सहाला विझलेली आग मात्र उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमधून निसटू शकते.

उताराच्या खालच्या टोकाला धूर. टीव्हीवर पाहिलेलं कॅलिफोर्निया विसरा, इथं शेंडे पेटत नाहीत. जाळ गुडघ्याएवढा, कधी कमरेएवढा, पाल्यावरून चालत येतो. पण उतार चढायला लागला की त्याची चाल बदलते. पुढचा पाला आधीच तापतो, वाळतो, आणि आग धावत सुटते. तुम्ही वर उभे आहात, ही जागा चुकीची आहे. बाजूला, खडकावर या. सालईच्या झाडांखाली उभे राहा. खडकाळ, विरळ गवताच्या जागी आगीला खायला फारसं नसतं, म्हणून तर सालई तिथं राज्य करते.

आग गेल्यावर मागोमाग चाला. सगळं मेलेलं वाटतं, पण नीट बघा. सागाचं खोड वरवर काळं, आत शाबूत. तेंदूची झुडपं जमिनीपर्यंत जळाली. तीन आठवड्यांत लालसर पानं फुटतील. तिखाडी गवताचे ठोंब जळाले तरी मुळं जिवंत. घाणेरीची झुडपंही जळाली, आणि तीही बुडातून फुटणार, मोकळ्या झालेल्या जागेत आणखी पसरणार. न परतणाऱ्या गोष्टी मोजायला जास्त वेळ लागतो. पाल्यासोबत नत्र धुरात गेलं. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी गेली. चार-दोन वर्षांची धावड्याची रोपं गेली. आणि पहिल्या जोरदार पावसात उघड्या पडलेल्या उतारावरून राख आणि मुरूम दोन्ही नाल्यात जाणार. नवं कोवळं गवत आलं की चितळं खूश होतात हे खरं. पण २०१९ च्या डिसेंबरात टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत ज्ञानगंगेत आलेल्या वाघासारख्याला लपायला उभं गवत लागतं, आणि तेही याच उतारावर हवं.

मग बंदीच घट्ट करावी? त्यासाठी जरा कर्नाटकात डोकावून येऊ. बिळिगिरीरंगन डोंगरातले सोलिगा लोक हंगामाच्या सुरुवातीलाच, पाला नुकता गळत असताना, हलकी आग लावत. १९७४ साली तिथं अभयारण्य झालं, आग बंद झाली. पुढे घाणेरी जंगलभर माजली, आणि आवळ्यावर बांडगुळं वाढली. सोलिगांच्या मते आधीच्या आगीने दोन्ही आटोक्यात राहत. संशोधकांनी त्यांचं म्हणणं तपासायला घेतलं आणि त्यात तथ्य आढळलं. तिथला धडा इथं चिकटवू नका, ब्रह्मदेशाचाही इथं चिकटत नव्हता. तिथं घाणेरी दाटल्यावर तीच सरपण झाली आहे. आता तिथं हलकी आग लावायची म्हटली तरी ती हलकी राहीलच असं नाही. आग थांबवण्याचा निर्णय एका दिवसात होतो, परत सुरू करण्याचा होत नाही.

विदर्भातच दोन गावं अशी आहेत ज्यांनी स्वतः ठरवलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाले, आणि ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडायचाच नाही असा ठराव केला. त्यासाठी झाडं छाटली जातात, जंगल जाळलं जातं, म्हणून. हातचा पैसा सोडला, बांबूवर भर दिला. आपल्या शेजारी, अमरावतीतल्या पायविहीरने उजाड टेकडी चराई आणि वणव्यापासून राखली. मला या दोन्ही गोष्टी कुठल्याही उपग्रहापेक्षा मोठ्या वाटतात, कारण आग कधी लागेल हे तिथं आग विझवायला धावणारेच ठरवतात.

शेवटचा थांबा. पुन्हा तोच उतार, जानेवारी संपत आलेला. संध्याकाळ. जाळरेषेवरचं गवत आठवडाभर आधी कापून पसरलं आहे, वरून वाळलंय, खाली अजून ओल. दहा-बारा मजूर, दोघांच्या पाठीवर ब्लोअर, बाकीच्यांच्या हातात पळसाच्या ओल्या फांद्या. तुम्हालाही एक देतात. आपटायची नाही, दाबून घासायची, नाहीतर ठिणग्या उडतात. पट्टा काही मीटरचा, पण डोंगराच्या धारेवरून नजर जाईल तिथपर्यंत. यांची मजुरी रोजची, आणि ती वेळेवर निघाली नाही तर जाळरेषा फेब्रुवारीत सरकते, मग मार्चमध्ये, आणि मार्चमधल्या जाळरेषेचाच वणवा होतो. कामाचं सगळं मर्म तारखेत आहे.

वनरक्षक तरुण आहे. त्याला तुम्ही विचारता की पट्ट्याच्या आतही, घाणेरी काढून, दर तीन-चार वर्षांनी एखादा तुकडा याच महिन्यात असाच हलका जाळून बघितला तर? बाकीच्याला सुटी, एकाला आग, पुढच्या वर्षी दुसऱ्याला. तो हसतो.

“अभयारण्यात? कागद कुठून आणू, साहेब? आणि सुटला तर नाव माझं.”

मागचा म्हातारा मजूर फांदी खांद्यावर टाकून ऐकत असतो. तो वनरक्षकाला म्हणतो, “पोरा, कागद मंग पाहू. वारा पडला आता. लाव वरच्या अंगानं, खाली आपोआप येते.”